घरच्या कुत्र्यापासून भाजीचे वाफे कसे वाचवायचे

नागपुरात ले-आउटच्या प्लॉटवर घरामागे दहा-बारा फुटांची मोकळी जागा असते. तिथे मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), चार वांगी, सहा टमाटर लावायचे आणि त्याच अंगणात कुत्राही पाळायचा, असं बऱ्याच घरांत असतं. दोन्ही एकत्र नांदू शकतात. पण बहुतेक लोक सुरुवात जाळीपासून करतात आणि तिथेच गणित चुकतं. कुत्र्याला उकरायला, पसरायला आणि चक्कर मारायला स्वतःची जागा नसेल, तर तो जाळीखालून किंवा जाळीवरून वाफ्यात पोचतोच. म्हणून आधी कुत्र्याची सोय करा, मग भाजीचं कुंपण. हा क्रम पाळला तर कुंपण साधं आणि स्वस्त असलं तरी टिकतं.

तो वाफ्यातच का जातो

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंतचं उकरणं जवळजवळ सगळं उष्णतेमुळे असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. फरशी आणि सिमेंटचं अंगण तापलेलं असतं आणि अख्ख्या प्लॉटवर ओली, सावलीतली माती फक्त तुमच्या हिरव्या नेटखालच्या वाफ्यात असते. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांना येतो, बाकी अंग तो धापा टाकूनच गार करतो. म्हणून तो चार-सहा इंच माती बाजूला करतो आणि खालच्या गार थरावर पोट टेकतो. तुम्ही सकाळी पाणी दिलं की अकरा वाजता तो तिथे हजर.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं उकरणं वेगळं. तेव्हा वाफे नव्याने खणलेले असतात, माती भुसभुशीत असते आणि तिला खताचा वास असतो. अर्धवट कुजलेलं शेणखत, हाडांचा चुरा, मासळीपासून केलेलं खत यांचा वास त्याला खाण्याचाच वाटतो. एकाच ठिकाणी खोल, नाक खुपसून केलेला खड्डा दिसला तर खत किंवा खाली घूस-उंदराचं बीळ आहे असं समजा. उथळ, पसरट, अंगाच्या मापाचा खड्डा असेल तर तो गारव्यासाठी आहे. वाफ्याच्या कडेने तुडवलेली सरळ पट्टी दिसली, तर ती त्याची गस्तीची वाट आहे. तीन खुणांचे तीन वेगळे उपाय आहेत, म्हणून आधी खड्डा नीट बघा.

कुत्र्याची जागा

घराच्या पूर्वेला, दुपारी सावली येते अशा ठिकाणी साधारण ४ फूट बाय ५ फूट जागा द्या. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर ५ बाय ६. दीड फूट खोल खणा. काळी माती निघाली तर ती काढूनच टाका. ओली झाली की ती पंजाला चिकटते आणि वाळली की ढेकळं होतात. खाली ३-४ इंच मुरूम, वर निम्मी रेती आणि निम्मी पोयट्याची माती भरा. कडेला विटा आडव्या लावल्या की सीमा त्याला कळते.

उन्हाळ्यात या खड्ड्यावर सकाळी एकदा आणि दुपारी एकच्या सुमाराला एकदा अर्धी-अर्धी बादली पाणी शिंपडा. खड्डा भाजीच्या वाफ्यापेक्षा गार असायला हवा, सगळी मेख तिथेच आहे. कोरड्या खड्ड्याकडे कुत्रा ढुंकूनही बघत नाही. पहिले आठ-दहा दिवस त्यात त्याचा चेंडू किंवा चघळायची वस्तू दोन इंच मातीखाली पुरून ठेवा आणि त्याच्यासमोर उकरून दाखवा. तो तिथे उकरू लागला की लगेच शाबासकी आणि खाऊ.

कूलरची आयती सोय बघा. खिडकीच्या कूलरमधून पाणी ठिबकतं, तिथली जमीन सतत ओली राहते आणि कुत्रा दुपारी तिथेच सापडतो. त्या जागी भाजी लावू नका, ती जागा त्याला देऊन टाका. एरवीही कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी भाजीला चांगलं नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि बोअरचं पाणी असेल तर काही दिवसांत ते मिठासारखं पांढरं साचतं.

दुसरी सोय गस्तीच्या वाटेची. कुत्रा कंपाउंड वॉलला लागून पळतो, कारण रस्त्यावरची हालचाल तिथून कळते. आपण नेमके भिंतीलगत वाफे करतो आणि त्याची वाट अडवतो. मग तो मेथीतून पळतो. भिंत आणि वाफा यांच्यात दीड ते दोन फूट पट्टी मोकळी सोडा आणि तिच्यावर मुरूम किंवा जुन्या फरशीचे तुकडे टाका. कुत्र्याची वाट आधीच पडलेली असेल तर ती बदलायच्या भानगडीत पडू नका, वाफाच सरकवा. ते सोपं पडतं.

नर कुत्रा असेल तर त्याला मुतायला एक ठरलेला खांब द्या. तीन फुटांचं जाड लाकूड वाफ्यापासून दूर, फाटकाकडच्या बाजूला गाडा. सुरुवातीला पट्टा लावून रोज सकाळी आधी तिथे न्या. लघवीतल्या नत्रामुळे आणि क्षारांमुळे कोवळी रोपं पिवळी पडून करपतात, आणि हे नेहमी वाफ्याच्या कोपऱ्यावरच्या रोपांचं होतं. लगेच दिसलं तर त्या जागी बादलीभर पाणी सोडा, क्षार खाली उतरतात. मात्र ज्या पानांवर लघवी पडली ती पालेभाजी धुऊनही खाऊ नका, उपटून टाका.

कुंपण: १० बाय ६ फुटांच्या वाफ्याचा हिशोब

एवढ्या जागेत मधे दीड फुटाची पायवाट सोडून दोन्ही बाजूंना सव्वादोन फुटांचे वाफे बसतात. कुटुंबाच्या रोजच्या पालेभाजीला एवढं पुरतं. घेर ३२ फूट. लागणारं सामान असं:

- वेल्डमेश जाळी, गॅल्वनाइझ केलेली, २ इंच बाय २ इंच खाण्याची (म्हणजे एवढ्या चौकोनी भोकांची), १२ गेज (तारेची जाडी), ४ फूट रुंद: ३६ फूट
- लोखंडी अँगल, ३५ बाय ३५ बाय ५ मिलिमीटर: २० फुटांचे २ नग. प्रत्येकाचे साडेचार फुटांचे चार तुकडे करून घ्या. खांब सात लागतात, एक उरतो
- फाटकाच्या चौकटीला पाऊण इंची चौकोनी पाइप: १२ फूट
- बांधायला १४ गेजची जीआय (गॅल्वनाइझ केलेली) तार: १ किलो
- दोन बिजागऱ्या, एक कडी, रेडऑक्साइड, आणि खांबांसाठी सिमेंट, रेती, गिट्टी, मुरूम

इतवारीतल्या लोहा ओळीत हे सगळं एका फेरीत मिळतं, अँगल तिथेच कापून भोकं पाडूनही देतात. बांधायला सेंट्रिंगची काळी तार घेऊ नका, ती एका पावसाळ्यात गंजून तुटते. षटकोनी खाण्याची कोंबड्यांची जाळी स्वस्त असते, पण लॅब्राडोर ती दातांनी फाडतो आणि फाटलेलं टोक हिरड्यांत घुसतं. पिल्लू तीन महिन्यांच्या आतलं किंवा अगदी लहान जातीचं असेल तर खालचे दोन फूट १ इंची खाण्याची जाळी लावा. २ इंचात त्याचा पंजा अडकू शकतो.

चार फूट जाळीतली तीन फूट उभी राहते आणि खालची एक फूट बाहेरच्या बाजूला, म्हणजे कुत्र्याच्या बाजूला, जमिनीवर आडवी वळते. हा वळवलेला पट्टा म्हणजे कुंपणाचा जीव. कुत्रा नेहमी जाळीच्या बुडाशी नाक लावून तिथूनच उकरतो, एक फूट मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. पंजे जाळीवर घासले की तो सोडून देतो. जाळी सरळ खाली पुरली तर दोन फूट खणावं लागतं आणि काळ्या मातीत ती लवकर गंजते. आडव्या पट्ट्याला दोन-तीन इंच माती पुरते.

आता कोपऱ्याकडे लक्ष द्या. जाळी बाहेर वळवताना प्रत्येक कोपऱ्यावर ती कापावी लागते आणि तिथे बरोबर एक बाय एक फुटाचा चौकोन उघडा राहतो. कुंपण नवीन असलं तरी कुत्रा आत शिरतो तो याच चौकोनातून. चार फूट रुंद जाळीची एक फूट लांबी कापली की एक बाय एकचे चार तुकडे निघतात, चारही कोपऱ्यांना ते पुरतात. दोन्ही बाजूंच्या जाळीला तारेने शिवून टाका. वरच्या ३६ फुटांत हे तुकडे आणि फाटकाची जाळी धरलेली आहे.

खांब असे: चार कोपऱ्यांना चार, १० फुटी बाजूंच्या मधोमध एकेक, आणि फाटकाशेजारी एक. दीड फूट खोल, नऊ इंच रुंद खड्डे सब्बलीने करा, तळाशी थोडे फुगीर. तळाला तीन इंच गिट्टी, मग १:२:४ चं (सिमेंट, रेती, गिट्टी) काँक्रीट, आणि वरचे चार इंच मुरूम ठोकून. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात. नुसते ठोकलेले खांब एका वर्षात तिरपे होतात, जाळी सैल पडते आणि बुडाशी फट तयार होते. हे काम ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात करा. माती तेव्हा ओलसर असते, फुगलेली नसते आणि भेगाळलेलीही नसते. काँक्रीटला चार-पाच दिवस पाणी मारा, त्यानंतरच जाळी ताणा. दुसऱ्या दिवशीच ताणली तर खांब आतल्या बाजूला झुकतात.

फाटक अडीच फूट रुंद ठेवा, घमेलं घेऊन आत जाता येतं. ते बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. कुत्रा फाटक ढकलतो, ओढत नाही, म्हणून आत उघडणारं फाटक कडी सैल झाली की त्याच्या धक्क्याने उघडतं. फाटकाखाली दोन इंचांपेक्षा जास्त फट नको, आणि तिथे जाळीचा पट्टा वळवता येत नसल्याने तीन फूट लांब शहाबादी फरशी पक्की बसवा.

तीन फूट उंची बहुतेक घरच्या कुत्र्यांना पुरते. कुत्रा बागेतून पळून जायला बघत नसतो, त्याला फक्त तिथे लोळायचं असतं, आणि एवढ्यासाठी तो उडी मारायचे कष्ट घेत नाही. पग, पॉमेरेनियनला दोन फूटही चालते. तरुण गावठी कुत्रा किंवा जर्मन शेफर्ड मात्र तीन फूट सहज ओलांडतो. तिथे चार फूट उभी जाळी घ्या, म्हणजे पाच फूट रुंदीची. खांबही त्या हिशोबाने साडेपाच फुटांचे. किंवा उडी मारून उतरायला जागाच ठेवू नका: कुंपणाच्या आत लगेच दोडके-कारल्याचा मांडव उभा असेल तर उतरायची जागा दिसत नाही आणि कुत्रा उडी घेत नाही.

भाड्याच्या घरात खड्डे, काँक्रीट करायची सोय नसते. तिथे बुरडाकडून अडीच फुटी बांबूचे ताटवे करून घ्या आणि विटांच्या आधाराने उभे करा. बुडाला वाळवी लागते, म्हणून ताटवा थेट मातीत न ठेवता विटेवर टेकवा. हंगाम-दोन हंगाम निघतात.

वीजप्रवाहाचं कुंपण घरच्या अंगणात कधीही नको. घरातली वीज तारेत सोडणं तर कुत्र्यासह लेकरांच्याही जिवावर बेतणारं आहे आणि तो गुन्हा आहे.

पेरल्यानंतरचे तीन आठवडे

मेथी-सांबार पेरल्यावर वाफा सपाट, ओला आणि मऊ असतो, म्हणजे कुत्र्याला सगळ्यात आवडेल असा. कुंपण अजून झालं नसेल तर वेल्डमेशचा तुकडा सरळ वाफ्यावर आडवा ठेवा आणि चारी कोपऱ्यांवर विटा. दोन इंची खाण्यांतून रोपं वर येतात, कुत्र्याला त्यावर पाय ठेवायला आवडत नाही आणि उकरताही येत नाही. मेथी, पालक, सांबार जाळी न काढताच कापता येतो. वांगी, टमाटर, फुलकोबीच्या रोपांसाठी दीड-दोन फुटांवर सहा इंची चौकोन कापा आणि टोकं आत वळवा.

पक्ष्यांसाठीची पातळ नायलॉन जाळी मात्र जमिनीवर पसरू नका. तिच्यात कुत्र्याचा पाय गुरफटतो, तो घाबरून ओढतो आणि सगळी रोपं उपटून निघतात. पावसाळ्यात सापही अडकतात. बोराटी-बाभळीच्या काट्यांचंही तसंच: शेतात ठीक, घरात काटा पंजात मोडला की आत पिकतो.

कुंपण असो वा नसो, शिकवणं लागतंच. रोज संध्याकाळी पट्टा लावून वाफ्याच्या कडेने दहा मिनिटं फिरवा. पाय आत टाकायला गेला की एकच शब्द, घरातल्या सगळ्यांनी ठरवलेला, उदाहरणार्थ “बाहेर”. तो मागे आला की त्याच क्षणी खाऊ. आजी “हाड” म्हणते, मुलं “नो” म्हणतात आणि बाबा ओरडतात, असं असेल तर त्याला काहीच कळत नाही. खड्डा दिसल्यावर अर्ध्या तासाने रागावणं निरुपयोगी आहे, कारण तो त्या रागाचा संबंध खड्ड्याशी जोडत नाही.

पिल्लं ठिबकच्या नळ्या चावतात. १६ मिलिमीटरची नळी कुटाराच्या (भुशाच्या) आच्छादनाखाली दोन इंच दाबून ठेवा आणि चार-पाच जॉइनर घरात असू द्या. जवळच पाण्याचं भांडं भरलेलं असेल तर नळीचं आकर्षण कमी होतं.

खतं आणि विषं

हा भाग सगळ्यात जपून वाचा, कारण इथे भाजी जात नाही, कुत्रा जातो.

एरंडीची पेंड कुत्रा असलेल्या घरात आणूच नका. एरंडीच्या बीमध्ये रिसिन हे अतिशय जहाल विष असतं आणि पेंड नीट प्रक्रिया केलेली नसेल तर ते तिच्यात उरतं. कुत्र्यांना तिची चव आवडते, आणि हाडांच्या चुऱ्यात मिसळली तर अधिकच. उलट्या, रक्ताचे जुलाब ही लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता खताची पिशवी सोबत घेऊन दवाखाना गाठा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, पण रात्री उघडा असणारा जवळचा डॉक्टर कोण, हे आधीच विचारून ठेवा. पेंड हवीच असेल तर निंबोळी पेंड घ्या, चौरस फुटाला १५-२० ग्रॅम. कडू असल्याने कुत्रे सहसा तोंड लावत नाहीत.

शेणखत पूर्ण कुजलेलं, काळं, वास न येणारं हवं. चार-सहा इंच खोल मिसळा, पाणी द्या आणि वर दोन इंच सोयाबीनचं कुटार पसरा. गांडूळखताचा त्रास सर्वांत कमी.

कांदा-लसूण नेहमी कुंपणाच्या आत. पातीपासून गड्ड्यापर्यंत सगळ्या भागांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि रक्त कमी होतं. टमाटरची पानं-खोडं, कच्ची हिरवी फळं आणि हिरवे पडलेले आलू यांनीही पोट बिघडतं, जास्त खाल्लं तर सुस्ती येते. काकडी-गाजराने काही होत नाही, नुकसान फक्त तुमचं. कुंपण म्हणून कण्हेर, घाणेरी किंवा शेर लावू नका. तिन्ही विषारी आहेत, आणि शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. वाफ्याच्या कडेला एक-एक फुटावर झेंडू लावा. वासाने कुत्रा पळत नाही, पण दाट झुडपांची भिंत होते.

लोक सांगतात ते बाकीचे उपाय सोडून द्या. तिखट टाकलं तर डोळे आणि नाक पोळतं, आणि एक पाणी दिलं की ते वाहून जातं. डांबर गोळ्या विषारी आहेत. फिनाइलने माती आणि पंजे दोन्ही खराब होतात. कॉफीच्या चोथ्यात कॅफिन असतं, तेही कुत्र्याला बाधतं. आणि फाटकाबाहेर लटकवतात त्या लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या: कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो, लाल मळकट दिसतो, पण भीती कुठल्याच रंगाची वाटत नाही. उंदरांचं औषध उघड्यावर ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तरी धोका असतो. कीटकनाशक फवारलं तर पानं पूर्ण वाळेपर्यंत आणि डब्यावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत तो आत जाता कामा नये.

तुमच्या ताटाचं काय

कुत्र्याच्या विष्ठेतून गोलकृमीची अंडी मातीत येतात आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतात. ती लगेच लागण करत नाहीत, त्यांना त्यासाठी दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलली तर हा धोका बराच कमी होतो. आकडीकृमी (हुकवर्म) या दुसऱ्या जंताला आठवडाभरच पुरतो, तेव्हा “रविवारी साफ करू” चालत नाही. विष्ठा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. घरच्या कंपोस्टला अंडी मरण्याइतकी उष्णता येत नाही. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नका, कारण तो रोग लघवीतून मातीत आणि साचलेल्या पाण्यात जातो. कच्चा खायचा सांबार, मुळा, गाजर सगळ्यात आतल्या वाफ्यात घ्या आणि वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.

वर्षभरात काय बघायचं

पावसाळ्यानंतर एकदा जाळीच्या आडव्या पट्ट्यावरची माती वाहून गेली का बघा आणि उघडा पडलेला पट्टा झाका. दिवाळीत फटाक्यांना घाबरलेला कुत्रा एरवी न करणाऱ्या गोष्टी करतो, कुंपणाखाली शिरतो, जाळीवर चढतो. हिवाळी रोपं नेमकी तेव्हाच कोवळी असतात. त्या चार रात्री त्याला घरात, पंखा सुरू ठेवून, माणसांसोबत ठेवा. मार्च संपताना खांबांजवळच्या भेगा शोधा. दोन बोटं जाईल एवढी भेग असेल तर ती रेती किंवा मुरमाने भरा. माती भरली तर पावसात तीच फुगून खांब सरकवते. आणि एप्रिल लागला की भाजीच्या हिरव्या नेटसोबतच कुत्र्याच्या खड्ड्यावरही नेटचा एक तुकडा ताणून द्या.